ऑपरेटर पाहिजे, पण नेमका कोण?

"ताई, चांगला माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही." छोट्या कारखानदारांकडून हे मी सारखं ऐकते. मागच्या वर्षी हेच घेऊन बडोद्यातले एक काका आले. घर दांडिया बाजारात आणि मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) वर्कशॉप. दोन मशीन, पाच माणसं. आठ महिन्यांत तीन ऑपरेटर आले नि गेले. जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेले भाग, रिजेक्ट होतात म्हणून दोघांना काकांनीच काढलं. तिसरा जेवायला म्हणून गेला तो गेलाच. आजकालची पोरं नि त्यांचे मोबाइल, हे पालुपद होतंच.

गेटवरच्या कागदावर गुजरातीत एवढंच होतं: ऑपरेटर पाहिजे. मी म्हटलं, सकाळी आल्यापासून त्यानं काय काय करायचं ते सांगा. काका बोलत गेले, मी लिहीत गेले. टूल बसवायचं, ऑफसेट द्यायचा (टूल कुठवर जायचं ते मशीनला सांगायचं), पहिला जॉब काढून मापायचा, माप चुकलं तर सुधारायचं, मग लॉट सोडायचा.

"काका, हा तर सेटर झाला."

काका गप्प. ऑपरेटर जॉब लावतो, बटण दाबतो, काढतो. मशीन लावून देतो तो सेटर. दोघांचा पगार वेगळा, हे लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगणार? मुलाखतीत तरी काय विचारायचे? गाव कुठलं, वडील काय करतात, पगार किती घेणार. मशीनपाशी कुणाला नेलंच नव्हतं.

कागद बदलला. सेटर, पगार, शिफ्ट, सगळं लिहिलं. मुलाखत मशीनशेजारी घ्यायची आणि येणाऱ्याला अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायचे ठरलं. ते पैसे काकांना जड गेले. रिजेक्ट झालेल्या लॉटचा हिशेब मांडल्यावर जरा कमी जड गेले.

पाच जण आले. सगळ्यांपुढे एकच जॉब, एकच ड्रॉइंग: व्यास 30 मिमी, अधिक-उणे 0.02 मिमी, म्हणजे वीस मायक्रॉन. टेबलावर व्हर्नियर, सरकत्या जबड्याची मापपट्टी. चौघांनी तो लावून आकडा सांगितला. पाचव्यानं उचलून परत ठेवला. "काका, वीस मायक्रॉनचं काम आहे, यानं नाही कळायचं. मायक्रोमीटर आहे?" काकांनी खिशातून किल्ली काढून ड्रॉवर उघडला. पोरानं मायक्रोमीटरची तोंडं पुसली, शून्य तपासलं, मग मापलं. 30.06. "एक्समध्ये सहा शतांश कमी करावे लागतील." एक्स म्हणजे व्यास ठरवणारा अक्ष.

मी किल्लीकडे बघत होते. मायक्रोमीटर कुलपात, तर आधीचे तिघं मापत कशानं होते? विचारलं नाही. काकांच्या चेहऱ्यावर ते आलंच होतं.

तरी दोन दिवस घोळ घातलाच. त्यांना आवडला होता साडूच्या ओळखीतला, आल्याआल्या पाया पडलेला. त्याला शिकाऊ म्हणून घ्या म्हटलं. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली छोट्या कारखान्यालाही ते करता येतं, फक्त करार रीतसर नोंदवावा लागतो. सेटर म्हणून पाचवाच घेतला, आधीच्यांपेक्षा चांगल्या पगारावर.

जानेवारीत काकांचा फोन. उत्तरायण (आपली संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, पोरगा दोन्ही दिवस सुट्टी मागतोय म्हणून कुरकुर.

"मग तोवर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"कसं करणार? ड्रॉवरची किल्ली त्याच्याकडे असते."