'रुग्ण संतुष्टी' की 'रुग्णांचे समाधान'?

प्रश्न असा आला आहे: रुग्णालयाच्या अभिप्राय-फॉर्मवर 'पेशंट सॅटिस्फॅक्शन'साठी 'रुग्ण संतुष्टी' लिहायचं की 'रुग्ण समाधान'?

'रुग्णांचे समाधान' लिहा, 'चे' न गाळता. 'संतुष्टी'ची गरज हिंदीला आहे, कारण तिथे 'समाधान' म्हणजे तोडगा. मराठीत तो अर्थ 'शंकासमाधान'सारख्या शब्दांपुरता उरलाय. शिवाय 'संतुष्टी'मागून 'असंतुष्ट' येतो, आणि असंतुष्ट म्हटलं की आपल्याला पक्षावर रुसलेले आमदार आठवतात.

शीर्षकाचं एवढ्यात भागतं. मला काळजी वाटते ती त्याखालच्या प्रश्नाची: 'आपण आमच्या सेवेबाबत समाधानी आहात का?' मराठीत 'समाधानी' हा स्वभाव असतो. मावशीला डिस्चार्ज मिळायचा होता. सकाळपासून ती साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसलेली. बिल तयार व्हायला दुपारचे तीन वाजले. तेवढ्यात टॅब घेतलेल्या मुलीने हाच प्रश्न विचारला. "समाधानी आहे गं बाई मी, माझी कुणाबद्दल तक्रार नसते," मावशी म्हणाली. मुलीने पाचपैकी पाच टाकले. मावशीने स्वतःचा स्वभाव सांगितला आणि गुण रुग्णालयाला मिळाले.

क्रियापदाकडे नीट बघा. समाधान 'होतं' तेव्हा अपेक्षा पुरी झालेली असते. समाधान 'मानतो' तेव्हा ती सोडून दिलेली असते; सुवर्ण हुकलं की रौप्यपदकावर समाधान मानावं लागतं. म्हणून 'आमच्या सेवेने तुमचे समाधान झाले का?' असं विचारा. 'नाही झालं' म्हणणं जिभेला सोपं जातं. 'मी समाधानी नाही' म्हणताना आपल्याच स्वभावात खोट काढल्यासारखं वाटतं.

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या 'एचकॅप्स' पाहणीत तर बरेचसे प्रश्न घडलेल्या गोष्टींवरच आहेत. नर्सने तुमचं म्हणणं किती वेळा लक्ष देऊन ऐकलं? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, की नेहमी? आपल्या फॉर्मवरही लिहा: 'घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची, हे सिस्टरने समजावून सांगितलं का?' याचं उत्तर मावशीनेही नेमकं दिलं असतं. रात्रीची पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर, हे ती घरी आल्यावर मला विचारत होती.