वाचक विचारतात : डिजिपिन आणि घोडबंदरचा सत्ताविसावा मजला

टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी 'डिजिपिन' ही, देशातल्या प्रत्येक जागेला दहा चिन्हांचा संकेत देणारी नवी व्यवस्था सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून या सदराकडे त्याविषयी पत्रे येत आहेत आणि त्यांपैकी बरीचशी ठाणे व नवी मुंबई परिसरातली आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचे वडिलोपार्जित घर घणसोली गावठाणात आहे. कुरिअरवाल्याचा फोन आला की "विहिरीच्या कडेने आत या, निळ्या पत्र्याच्या शेडनंतर उजवीकडचा बोळ धरा आणि तिथे कुणालाही आमच्या बाबांचे नाव विचारा" असे सांगावे लागते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ दारात आले आणि २५० रुपयांत घराचा डिजिपिन काढून पाटी लावून देतो म्हणाले. घ्यावा का?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : पाटी सुबक असेल तर पाटीचे पैसे जरूर द्यावेत, डिजिपिनचे मात्र एक रुपयाही देऊ नये. आपल्या घराचा डिजिपिन कोणी काढून देण्याची गरजच नाही, कारण तो आधीच ठरलेला आहे. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन मोबाइलला आपले ठिकाण वाचू दिले की तो विनामूल्य समोर येतो. त्यासाठी अर्ज, नोंदणी किंवा मंजुरी यांपैकी काहीही लागत नाही.

तो ठरतो कसा, हे थोडे सविस्तर सांगतो. टपाल खात्याने हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीने भारताची भूमी आणि लगतचा समुद्र सामावेल असा एक मोठा चौकोन कल्पिला आहे. उत्तर अक्षांश २.५ ते ३८.५ आणि पूर्व रेखांश ६३.५ ते ९९.५ या त्याच्या सीमा आहेत. या चौकोनाचे सोळा समान भाग करून प्रत्येकाला एक चिन्ह दिले, त्या प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा भाग केले आणि असे दहा वेळा केले. दहाव्या वेळी उरणारा चौकोन जेमतेम ३.८ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे आपल्याकडच्या एका साध्या खोलीएवढा असतो. वाटेत मिळालेली दहा चिन्हे ओळीने लिहिली की झाला डिजिपिन. ही चिन्हे म्हणजे २ ते ९ हे आठ अंक आणि सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी ही आठ इंग्रजी अक्षरे. शून्य आणि एक हे अंक, तसेच ओ आणि आय ही अक्षरे त्यात नाहीत, त्यामुळे फोनवर सांगताना "ओ की शून्य?" हा घोळ होत नाही.

या रचनेमुळे डिजिपिन डावीकडून उजवीकडे वाचत गेले की जागा अधिकाधिक नेमकी होत जाते. पहिली तीन चिन्हे सुमारे साठ किलोमीटरचा टापू सांगतात, सहा चिन्हांवर आपण एका किलोमीटरच्या आत येतो आणि आठ चिन्हांवर साठ मीटरच्या. ठाणे, वाशी, घणसोली, नेरूळ येथील डिजिपिन '४एफके'ने सुरू होतात, पनवेल आणि कल्याणचे '४एफ४'ने. या दोन टापूंमधली रेषा ७३.०६२५ रेखांशावर असून ती नेमकी खारघरमधून जाते. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे घर हाकेच्या अंतरावर असले तरी त्यांचे डिजिपिन तिसऱ्या चिन्हापासूनच वेगळे पडतात. म्हणून चिन्हे जुळली तर जागा जवळ आहे असे खुशाल समजावे, पण जुळली नाहीत म्हणजे जागा लांबच आहे असे समजू नये.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने आखलेल्या भागात प्लॉट क्रमांक आणि सेक्टर सांगून भागते, अर्थात नोडचे, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या उपनगराचे, नाव सांगायला विसरले नाही तर, कारण सेक्टर नऊ वाशीतही आहे आणि नेरूळमध्येही. गावठाणातली घरे मात्र त्या आखणीच्या कितीतरी आधीची आहेत आणि त्यांचे बोळ कोणत्याही सेक्टरच्या हिशेबात बसत नाहीत. डिजिपिनचा खरा उपयोग अशाच घरांना आहे, असे आमचे मत आहे. एकच सूचना करतो. डिजिपिन जागा सांगतो, वाट सांगत नाही. ऐरोली आणि मुलुंड नकाशावर समोरासमोर दिसतात, पण मधली खाडी ओलांडायला पुलावरूनच यावे लागते. गावठाणातही तोच प्रकार लहान प्रमाणात होतो आणि गाडी भलत्याच बोळाच्या तोंडाशी येऊन थांबते. म्हणून घराच्या डिजिपिनबरोबर, रुग्णवाहिका किंवा टेम्पो जिथवर येऊ शकतो त्या बोळाच्या तोंडाचाही डिजिपिन लिहून ठेवावा.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात आम्ही सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो. आमचा आणि बरोबर खालच्या रांगेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांचा डिजिपिन एकच येतो. शिवाय दिवाणखान्यात एक येतो आणि बाल्कनीत दुसरा. ही यंत्रणा सदोष आहे का?
(एक वाचक, पातलीपाडा)

उत्तर : सदोष नाही, पण आपल्यासारख्यांसाठी अपुरी जरूर आहे. डिजिपिन केवळ अक्षांश आणि रेखांश यांवरून काढला जातो. उंचीचा त्यात विचारच नाही. एकावर एक असलेल्या सत्तावीस घरांना त्यामुळे एकच डिजिपिन मिळणार. इमारतीचे नाव, विंग आणि सदनिका क्रमांक पूर्वीप्रमाणेच लिहावे लागतील आणि टपाल खात्यानेही डिजिपिन हा नेहमीच्या पत्त्याला जोड म्हणूनच दिला आहे. घोडबंदरवर घर शोधणाऱ्याची खरी परीक्षा फाटकाच्या आत पाऊल टाकल्यावर, एकसारख्या दिसणाऱ्या पाच टॉवरांच्या मध्ये सुरू होते, आणि तेथे त्याला वॉचमनच उपयोगी पडतो.

दिवाणखाना आणि बाल्कनी यांचे म्हणाल तर चौकोन चार मीटरचाही नाही, तेव्हा एका घरात दोन-तीन चौकोन येणे स्वाभाविक आहे. त्यातच मोबाइलचे जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवते आणि उंच इमारतींच्या दाटीत ही चूक वाढते. आम्ही स्वतः ठाण्यातील आमच्या इमारतीच्या फाटकाशी, वॉचमनच्या खुर्चीला पाठ लावून, एकाच जागी तीन वेळा डिजिपिन पाहिला, शेवटचे चिन्ह तिन्ही वेळा निराळे आले आणि वॉचमनने "साहेब, नेटवर्क नाही का?" अशी आपुलकीने चौकशी केली. यावर उपाय असा की संकुलाने मुख्य फाटकाचा एक डिजिपिन उपग्रह-चित्रावर बोट ठेवून निश्चित करावा आणि सर्व रहिवाशांनी तोच वापरावा.

प्रश्न : आता पिन कोड बंद होणार का?
(टपाल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, नौपाडा)

उत्तर : नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. पिन कोड हा बटवड्यासाठी आहे : त्याचा पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन बटवडा करणारे टपाल कार्यालय. आपण हे आमच्याहून चांगले जाणता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली आणि ती ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वरचे, संस्कृतचे व्यासंगी आणि संस्कृत नाटककार होते, हेही आपल्याला ठाऊक असेलच. डिजिपिनला टपाल कार्यालयाशी देणेघेणे नाही. समुद्रातल्या तेलविहिरीलाही तो आहे, जिथे पोस्टमन जाणार नाही. आपल्याकडे दोन्ही ४ नेच सुरू होतात हा केवळ योगायोग होय. दिल्लीचा पिन कोड १ ने सुरू होतो आणि डिजिपिन ३ ने.

प्रश्न : डिजिपिन दिल्याने माझी माहिती उघड होते का? बँकेत तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालेल का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : डिजिपिनमध्ये कोणाचेही नाव, फोन किंवा मालकी साठवलेली नसते. त्याच कारणाने तो राहण्याचा पुरावाही होऊ शकत नाही, कारण त्या चौकोनात कोण राहते हे त्याला माहीतच नाही. मात्र त्यावरून अक्षांश-रेखांश उलट काढता येतात. आपण नाव, फोन आणि डिजिपिन एकत्र लिहून व्हॉट्सॲप गटावर टाकला, तर माहिती उघड झाली ती आपल्या हातून.

प्रश्न : मुलीचे लग्न सानपाड्याच्या एका सभागृहात आहे. पत्रिकेत डिजिपिन छापावा का?
(एक वाचक, सानपाडा)

उत्तर : अवश्य छापावा, पण 'अमुक मंदिरासमोर, स्टेशनपासून चालत इतकी मिनिटे' ही ओळ काढू नये, बहुतेक पाहुणे तीच वाचतील. डिजिपिन सभागृहाच्या फाटकापाशी उभे राहून घ्यावा, मंचावरून नव्हे. पत्रिका मराठीत असली तरी तो इंग्रजी अंक-अक्षरांतच आणि तीन, तीन, चार अशा गटांत, मध्ये आडवी रेघ देऊन छापावा. नक्षीदार टंक टाळावा आणि प्रूफ दोनदा वाचावे. शेवटचे चिन्ह चुकले तर वऱ्हाडी फार तर शेजारच्या फाटकाशी उतरतील. पहिल्या ४ च्या जागी ३ पडला, तर तोच डिजिपिन त्यांना नऊ अंश उत्तरेला, राजस्थानात बिकानेरजवळ नेऊन सोडेल.