क्रीमच्या डबीवर ‘मर्क्युरस क्लोराइड’ लिहिलंय, लावू का?

नका लावू. मर्क्युरस क्लोराइड म्हणजे कॅलोमेल, पाऱ्याचा क्षार. पांढरी, जड, पाण्यात जवळपास न विरघळणारी पूड. जुन्या औषधांतला रसकापूर याच घराण्यातला.

एकेकाळी डॉक्टर हे जुलाब होऊन पोट साफ व्हावं म्हणून सर्रास द्यायचे. १७९३ च्या फिलाडेल्फियातल्या पीतज्वराच्या साथीत अमेरिकन डॉक्टर बेंजामिन रशने रुग्णांना याचे भरमसाठ डोस दिले. ब्रिटनमध्ये तर दात येताना बाळांना द्यायच्या पावडरीत हे असायचं! हातपाय गुलाबी पडून सोलवटायचे, बाळ सतत चिडचिडं व्हायचं. १९५४ च्या सुमारास त्या पावडरीतून कॅलोमेल काढलं आणि तो ‘पिंक डिसीज’ जवळपास नाहीसा झाला. आज याचा रास्त उपयोग मुख्यतः प्रयोगशाळेतल्या कॅलोमेल इलेक्ट्रोडपुरता (विद्युत-रासायनिक मोजमापात संदर्भासाठी वापरायचं साधन) उरलाय.

क्रीममध्ये ते घालतात कारण पारा त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्य तयार होणं रोखतो. रंग उजळतो खरा, पण पारा कातडीतून आत जातो आणि मुख्यतः मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस, पायांवर सूज, हात थरथरणं, झोप उडणं ही लक्षणं. टॉवेल-उशीला लागलेलं घरातल्या पोरांच्याही अंगाला लागतं, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

महिनोन्‌महिने वापरलं असेल तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, लघवीतल्या पाऱ्याची आणि प्रथिनांची तपासणी करायला सांगा. डबी बेसिनमध्ये रिकामी करू नका, घट्ट बंद करून पिशवीत ठेवा.