तारा निघाल्यानंतर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. फोटो मिळाला. दातांच्या तारा निघाल्या, फार छान वाटलं! आता इतके दिवस बंद असलेली चिक्की खुशाल खा. फक्त दात जागेवर राहावेत म्हणून खालच्या दातांमागे बारीक तार चिकटवली असेल, तर चिक्की, कणीस आणि पेरू पुढच्या दातांनी तोडू नकोस. ती तार एखाद्या दातावरून सुटली तर पटकन कळत नाही, तोवर दात सरकलेला असतो.

बरीच मुलं तारा काढल्या की ढिली पडतात, म्हणून रिटेनरचं, म्हणजे सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या त्या काढता-घालता येणाऱ्या साच्याचं, नीट ऐक. दात हाडात घट्ट रोवलेला नसतो, तंतूंनी बांधलेला असतो. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात, पण हिरडीतले लवचीक तंतू वर्षभरही दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. वळलेला दात सरळ केला असेल तर जास्तच. शिवाय वय वाढतं तसे खालचे पुढचे दात तारा न लावलेल्यांचेही दाटतात. तेव्हा डॉक्टर सांगतील तितके महिने रिटेनर दिवसरात्र, पुढे रोज रात्री. किती वर्षं म्हणशील, तर दात असेच हवेत तोवर. जेवताना काढलास की डबीतच ठेव. कागदात गुंडाळलेला रिटेनर टेबल पुसणारा माणूस उष्ट्याबरोबर उचलून नेतो. आणि गरम पाण्याने धुऊ नकोस, आकार बिघडतो.

आता तुझं ते वाक्य, ‘आता मी सगळ्यांशी बिनधास्त बोलेन.’ ते वाचून मी जरा थांबले. वेल्समधल्या कार्डिफला १९८१ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या १,०१८ मुलांची तपासणी झाली होती. वीस वर्षांनी त्यांतल्या ३३७ जणांना पुन्हा तपासलं. गरज असताना ज्यांनी उपचार घेतले होते, त्यांचे दात सरळ होते आणि त्यांना आपल्या दातांचं समाधानही जास्त होतं. पण ज्यांचे उपचार राहून गेले, ते त्यामुळे मोठेपणी मनाने खचलेले आढळले नाहीत.

तुझे कष्ट वाया गेले असं मला मुळीच म्हणायचं नाही. ब्रश सगळीकडे पोचतो, घास नीट चावता येतो, हसताना हात तोंडाकडे जात नाही, हे रोजचं सुख आहे आणि ते तू कमावलं आहेस. पण चारचौघांत बोलायची भीती ही वेगळी गोष्ट. ती उरलीच तर आरशासमोर दातांत नवी खोट शोधत बसू नकोस. मला फोन कर, किंवा कॉलेजातल्या समुपदेशक बाईंना भेट. बोलायची सवय बोलूनच होते, आणि त्यासाठी मी तुझ्या सोबत आहे.

तारा धरून ठेवणारे ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे, जिथे होते त्याभोवती पांढरट डाग दिसले तर घाबरू नकोस. फ्लोराइडच्या पेस्टने रोज दोनदा ब्रश कर, काही महिन्यांत ते बरेचदा फिके होतात. घरगुती चूर्णांनी घासू मात्र नकोस.

आणि रिटेनर एखाद्या रात्री घट्ट लागला तर पेटीत टाकून देऊ नकोस, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव.

तुझी,
मावशी