या तापत्या जगात मूल होऊ द्यावं का?

“मॅडम, सगळं कळत असताना मूल जन्माला घालणं हा स्वार्थच नाही का?”

तरुण जोडप्यांकडून हा प्रश्न मला हल्ली बराच ऐकू येतो. पुढची हकिगत त्यांतल्या एकीची, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. वय तिशीच्या अलीकडे, नोकरी चांगली, नवऱ्याशी पटणारं. रात्री मात्र दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वणवे, पूर आणि उष्णतेच्या लाटांच्या बातम्या वाचत बसायची. झोप उडाली होती, छातीत धडधडायचं. समुद्री कासवांबद्दल वाचून ती ढसाढसा रडली होती. कासवाचं पिल्लू नर की मादी हे अंडी ज्या वाळूत असतात तिच्या तापमानावर ठरतं. वाळू तापली की माद्या वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या कोवळ्या पिढीत सुमारे ९९ टक्के माद्या असल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. “मी कासवांसाठी रडते, तर घरचे म्हणतात, तुला दुसरे उद्योग नाहीत का?”

नवरा समजूत घालायचा, “टेन्शन घेऊ नकोस, काही होत नाही.” माझ्या मते धीर देण्याची याहून निरुपयोगी रीत नाही. कारण तिने वाचलेलं बरंचसं खरं होतं. गरोदरपणात तीव्र उष्णता सोसावी लागली तर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो, हे खरं. डेंग्यू पसरवणारे डास पूर्वी थंड असलेल्या भागांत पोहोचताहेत, हेही खरं. २०३० ते २०५० या काळात हवामान बदलामुळे कुपोषण, हिवताप, अतिसार आणि उष्माघातासारख्या कारणांनी दरवर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाला ‘काही होत नाही’ म्हटलं की भीती तिथेच राहते, आणि ती बोलून दाखवायची जागा तेवढी जाते.

सुरुवात मी शरीरापासून केली. धडधड आणि निद्रानाश थायरॉइडमुळेही होतात, म्हणून रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, ते उकाड्याच्या रात्री नीट उतरत नाही. म्हणजे तिची झोप उकाडाही मोडत होता आणि उकाड्याच्या बातम्याही. बातम्या दिवसा, ठरलेल्या वेळी वाचायच्या आणि मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर ठेवायचा, एवढं ठरलं. पाळायला तिला जड गेलं. “नाही वाचलं तर मी डोळेझाक करतेय असं वाटतं,” ती म्हणायची.

आपण वेडे तर नाही, ही शंका तिला होतीच. तिला मी २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीबद्दल सांगितलं. भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांना विचारलं, तेव्हा ५९ टक्क्यांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं, आणि मूल होऊ देण्याबाबत मन कचरतं असं म्हणणारे ३९ टक्के होते. या काळजीला मी आजार म्हणत नाही. रोजचं जगणं अडलं की मात्र तिच्यावर काम करावं लागतं.

काम कसलं, तर तिच्या मनात ‘धोका आहे’ आणि ‘होणारच’ यांचा एकच गोळा झाला होता, तो सोडवण्याचं. २००३च्या उन्हाळ्यातल्या लाटेत युरोपात ७०,०००हून अधिक माणसं गेली, हे तिला तोंडपाठ होतं. पुढचं माहीत नव्हतं. फ्रान्समध्ये त्या वेळी गेलेल्यांत वृद्ध फार होते. नंतर तिथे इशारा यंत्रणा उभी राहिली, एकाकी वृद्धांची फोनवरून चौकशी होऊ लागली. २००६ साली पुन्हा मोठी लाट आली, तेव्हा तिथले मृत्यू अंदाजापेक्षा हजारोंनी कमी होते. हे ऐकून ती खूश वगैरे झाली नाही, “पण कासवांना कोण फोन करणार?” असं तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. काही गोष्टींवर उपाय करता येतो, काहींचं दुःखच करावं लागतं, आणि त्या दुःखाला आम्ही वेळ दिला.

मग एका भेटीत नवरा सोबत आला. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, “मलाही भीती वाटते. पण मीही तसं म्हटलं तर हिने कोणाकडे बघायचं?” ती चकित झाली. त्याच दिवशी तिच्याकडूनही एक गोष्ट बाहेर पडली. आईपण आपल्याला झेपेल का, ही शंका तिला हवामानाच्या किती तरी आधीपासून होती. घरी ‘मला नको वाटतंय’ म्हणण्यापेक्षा ‘जग तापतंय’ म्हणणं सोपं होतं. म्हणून तिची हवामानाची काळजी खोटी होती का? मुळीच नाही. दोन खऱ्या काळज्या एकमेकींत गुंतल्या होत्या, इतकंच.

मूल होऊ द्या किंवा नका, असं मी सांगितलं नाही. तो अधिकार माझा नव्हे. त्यांचं अजून ठरलेलं नाही. झोप सुधारली आहे. उष्णतेच्या लाटेत एकट्या वृद्धांना रोज फोन करणाऱ्या गटात ती काम करते, आणि बातम्या अजूनही वाचते, फक्त दिवसा.

अशी काळजी असलेल्यांनी एवढं पाहावं: आठवडेच्या आठवडे झोप नाही, कामावर जाणं सुटलंय, जगण्यात अर्थ नाही असे विचार येताहेत, तर नुसत्या समुपदेशनावर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना लवकर भेटा. लिथियम हे मनःस्थितीतल्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोला. घामावाटे पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियमचं प्रमाण घातक पातळीपर्यंत चढू शकतं. मानसिक आजारावरच्या काही इतर औषधांमुळे घामच कमी येतो. पण घाबरून कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका.