बेरिल कुक यांची चित्रे म्हणजे व्यंगचित्रेच का?

ब्रिटिश चित्रकार बेरिल कुक यांच्या चित्रांतील जाड, प्रौढ, कष्टकरी वर्गातील बायका पाहून हसू येते, मग त्यांना व्यंगचित्रेच का म्हणू नये, असे आपण विचारले आहे. हसू मलाही येते. परंतु त्यात कुचेष्टा नाही, असे माझे मत आहे.

कुक (1926–2008) यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले नव्हते. प्लिमथ या इंग्लंडमधील बंदराच्या गावी त्या पतीसह पर्यटकांना खोल्या भाड्याने देत, आणि उरलेल्या वेळात बहुधा लाकडी फळ्यांवर चित्रे काढीत. 1975 साली त्याच गावी पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. पबमध्ये बसल्या बसल्या, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, पर्समधल्या छोट्या कार्डांवर त्या समोरच्या माणसांची टिपणे करीत. म्हणजे ज्या गर्दीचे चित्र काढायचे, तिच्यातच त्याही बसलेल्या असत.

प्लिमथच्या 'हो' या समुद्राकाठच्या माळावर पांढऱ्या पोशाखात बाउल्स (गवतावर चेंडू घरंगळवत सोडण्याचा खेळ) खेळणाऱ्या बायकांची चित्रे पाहा. (स्पॅनिश आरमार चालून येत असतानाही इंग्लिश नौदल सेनानी ड्रेकने याच माळावर हाच खेळ आधी पुरा केला, अशी 1588 सालाविषयीची दंतकथा आहे.) चेंडू सोडायला वाकलेल्या बाईच्या पाठमोऱ्या देहाने चौकट भरून जाते, आणि तिचे सारे लक्ष मात्र चेंडूवर असते, आपण कशा दिसतो याची तिला फिकीर नसते. पार्श्वभूमी रंगवण्याचा कंटाळा म्हणून आपण माणसे मोठी काढतो, असे कुक सांगत. कारण काहीही असो, ज्या वयाच्या बाईकडे रस्त्यात कोणी वळून पाहत नाही, तिला येथे टाळताच येत नाही. व्यंगचित्रात एखादी खोड फुगवून बाकीचे सोडून दिले जाते. कुक मात्र उंच टाचांचे बूट, बोटांतली सिगारेट, पायाशी घुटमळणारे कुत्रे, सारे सारख्याच आस्थेने रंगवतात.

त्यांनी रंगवलेले चेहरे पुष्कळदा एकाच साच्यातले वाटतात, हा आक्षेप मला मान्य आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाने हयातीत त्यांचे एकही चित्र घेतले नाही. 1996 साली उघडलेल्या ग्लासगोच्या आधुनिक कला दालनाने मात्र घेतली. आपण बहुधा ती शुभेच्छापत्रांवर पाहिली असावीत. तळहाताएवढ्या कागदावर त्या देहांचे वजन नाहीसे होते आणि फक्त विनोद उरतो.