जिभेवरचे ‘ग्राहक’

प्रश्न असा: एका वैद्यकीय लेखाच्या अनुवादात ‘स्वादकळ्यांच्या पेशींतील चेतावाढ घटक व त्यांचे ग्राहक’ असं शीर्षक आलंय. रिसेप्टरला ग्राहक म्हणावं का? आणि बाकीचे शब्द बरोबर आहेत का?

ग्राहक नकोच. व्युत्पत्ती चुकलेली नाही, पण मराठीत ग्राहक म्हटला की तो पिशवी घेऊन दुकानातच उभा दिसतो. जीवशास्त्रात ‘ग्राही’ चांगला रुळलाय, तोच वापरा. इथे मात्र एक मेख आहे. रुचिकलिकेत, म्हणजे तुमच्या स्वादकळीत, ग्राही दोन प्रकारचे. साखरेचा किंवा कडू पदार्थाचा रेणू ओळखतात ते रुचिग्राही. तुमच्या लेखातले ग्राही चव ओळखत नाहीत, ते वाढीचा संदेश स्वीकारतात. नुसतं ‘ग्राही’ लिहिलंत तर वाचक पहिलाच अर्थ घेणार, म्हणून कशाचे ग्राही ते सांगायलाच हवं.

‘स्वादकळी’पेक्षा मला ‘रुचिकलिका’ बरा वाटतो. स्वाद म्हटलं की वेलदोड्याचा, केशराचा वासही त्यात येतो. ‘चवकळी’ का नाही, असं कोणी विचारलं तर उत्तर एवढंच की कानाला बरं वाटत नाही. आरशात जिभेवर दिसणारे ठिपके म्हणजे मात्र रुचिकलिका नव्हेत, ते अंकुरक, म्हणजे जिभेवरचे बारीक उंचवटे. केकमधला निळा रंग थेंबभर जिभेवर लावून बघा: जीभ निळी होते आणि गुलाबी ठिपके उठून दिसतात. कलिका त्यांच्यात दडलेल्या असतात, एकेकीत साधारण 50 ते 100 पेशी. जर्मनमध्ये यांना ‘चवीचा पेला’ अशा अर्थाचंही नाव होतं, पण कळीच खरी. चेता (नर्व्ह) तोडली की प्राण्यांत या कलिका सुकून जातात, चेता परत वाढली की पुन्हा येतात. पेल्याला हे कुठलं जमायला!

आता ‘घटक’. घटक म्हणजे ज्याने एखादी वस्तू बनते तो भाग; ‘चेतावाढ घटक’ वाचून चेतेचाच एखादा तुकडा वाटतो. हे पदार्थ प्रथिनं आहेत, तेव्हा ‘चेतावर्धक प्रथिन’ म्हणा. यातलं पहिलं रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी शोधलं, 1986 चं त्यांचं नोबेल अशा वाढ घडवणाऱ्या प्रथिनांच्या शोधासाठीच. ते भरपूर सापडलं ते आधी सापाच्या विषात आणि मग नर उंदराच्या लाळग्रंथींत. म्हणजे गोष्ट तेव्हापासूनच तोंडाभोवती फिरतेय.

रुचिकलिकांच्या बाबतीत मोठी कामगिरी मात्र त्याच्या भावंडाची, बीडीएनएफ या मेंदूत सापडलेल्या चेतावर्धक प्रथिनाची. कलिकेतल्या पेशी ते बनवतात. चवीच्या चेतातंतूंवर त्याचा ग्राही असतो, ‘ट्रॅक-बी’. बीडीएनएफ नसलेल्या उंदरांत रुचिकलिका कमी होतात. जिभेवर भलत्याच जागी ते बनवायला लावलं, तर तंतूही वाट चुकून तिकडेच जातात. पण ग्राही फक्त चेतेवरच असतात असंही नाही, उंदरांत कलिकेतल्या काही पेशींवरही ते आढळलेत. तुमच्या लेखाचा विषय बहुधा हाच, त्यामुळे शीर्षकातलं ‘पेशींतील’ गाळू नका.

‘चेता’ राहू द्या, शाळेच्या पुस्तकांतला आहे. ‘नस’ लिहाल तर अर्धे वाचक रक्तवाहिनी समजतील. ‘मज्जातंतू’ही चालेल, फक्त ‘मज्जातंतुवर्धक’ लिहिलं की टॉनिकच्या बाटलीवरचं वाटतं.

मी असं लिहीन: ‘रुचिकलिकांच्या पेशींतील चेतावर्धक प्रथिने आणि त्यांचे ग्राही’.